परागकण 'कमी' आहेत म्हणे!

'कमी'. हिरवी टिकली, शेजारी हसरा चेहरा. सकाळी सातला हवेतले परागकण सांगणाऱ्या ॲपने हे दाखवलं आणि परागकणांच्या ॲलर्जीपायी दोन आठवडे खिडक्या लावून बसलेली मी लगेच पाघळले. खिडक्या उघडल्या. वर चादर आणि उशीचे अभ्रे धुऊन बाहेर दोरीवर टाकले. कडक ऊन, झकास वारा!

रात्री त्या अभ्र्यावर गाल टेकला आणि पाचव्या मिनिटाला टाळू खाजायला लागली. जीभ पोचते पण खाजवता येत नाही, मग घशातून खर्र खर्र आवाज काढत बसायचं, ती खाज. मग शिंका. चार, सात, अकरा. बारावी अडकली. दिव्याकडे बघत आ वासून बसले, येईना. दिवा मालवून आडवी झाले, आली!

तीन वाजता उठून त्या 'कमी'ची कुंडली काढली. माशी कुठे शिंकली ते कळायला नको? (शिंकत मीच होते, ते सोडा.) तर कुठल्याशा गच्चीवरचं यंत्र हवा ओढून चिकट पट्टीवर कण धरतं, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. 24 तासांची सरासरी. म्हणजे मोजलेला आकडा कालचा, आजचा नुसता अंदाज. आणि काल दिवसभर पाऊस होता! हवा धुऊन निघालेली. आज कोरडं ऊन आणि वारा मिळाल्यावर गवत काय गप्प बसणार?

या ॲलर्जीचं नावसुद्धा काय, तर 'हे फीव्हर' (इंग्रजी 'hay', म्हणजे वाळलेलं गवत). ताप औषधालाही नाही, त्यामुळे रजा मागायची सोय नाही. 1819 मध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरने स्वतःचंच हे दुखणं लिहून काढलं, 1873 पर्यंत चार्ल्स ब्लॅकलीने परागकणांवर गुन्हा शाबितही केला. आमचे साहेब मात्र अजून विचारतात, "सर्दी गेली नाही का अजून?"

आणि मला बघून टेबलावरची फुलदाणी उचलणारे ते दयाळू लोक! अहो, ठेवा ती. रंगीत फुलांचे पराग जड, चिकट, किड्यांच्या अंगाला लागून जाणारे. हवेतून येऊन छळतं ते गवत, ज्याचं फूल तुम्ही आयुष्यात कधी नीट बघितलेलं नाही.

ॲलर्जीची जुन्या प्रकारची गोळी घेतली तर मीटिंगमध्ये डुलक्या. नाकातला स्प्रे सीझनच्या दोन आठवडे आधी सुरू करा, असं डॉक्टर दरवर्षी बजावतात. मला ते दरवर्षी आठवतं, पहिल्या शिंकेला.

बरं, ॲपच्या त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होतं, 'गवताचे पराग वाढण्याची शक्यता, कपडे बाहेर वाळत घालू नयेत.' मी तिथवर गेलेच नव्हते. ओल्या कपड्यांना पराग कसे चिकटतात यावर गेल्याच आठवड्यात मैत्रिणीला अर्धा तास पिडलं होतं. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच, त्यात माझं नाक चोंदलेलं.

अभ्रे परत मशीनमध्ये फिरतायत. साडेचार वाजले. ॲप आज 'मध्यम' म्हणतंय.