विक्सबर्ग नुसतं उपाशी मारून घेतलं? ती फिरणारी पोस्ट मुद्द्यागणिक चुकीची आहे

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाबद्दलची एक पोस्ट सध्या खूप फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: युद्धाचा निकाल जुलै १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईत लागला, विक्सबर्ग किरकोळ. विक्सबर्ग घेणारा उत्तरेचा सेनापती ग्रँट हा खाटीक, त्याच्याकडे डोकं नव्हतं, फक्त माणसं होती. तो गावाबाहेर बसून राहिला, हजारो नागरिक उपाशी मेले, शेवटी गाव राखणाऱ्या दक्षिणेच्या सेनापती पेंबर्टनने फितूर होऊन मुद्दाम ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गाव देऊन टाकलं, आणि त्या रागाने गावाने ८१ वर्षं ४ जुलै साजराच केला नाही. वाचायला जबरदस्त वाटतं म्हणून लोक शेअर करतायत, पण यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

आधी ‘माणसांच्या जोरावर’ हा मुद्दा, कारण सगळ्यात मोठा अन्याय इथे झालाय. विक्सबर्ग मिसिसिपी नदीच्या एका तीव्र वळणावर, उंच कड्यावर वसलेलं आहे, कड्यावर तोफा, खाली नदी, उत्तरेला दलदल. १८६२ च्या डिसेंबरमधे ग्रँटच्या हाताखालच्या शर्मनने गावाजवळच्या चिकसॉ बायूला समोरून हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला, त्याच सुमारास दक्षिणेच्या व्हॅन डॉर्नच्या घोडदळाने हॉली स्प्रिंग्जवर छापा घालून ग्रँटचा दारूगोळा आणि धान्याचा साठा जाळला. नुसत्या माणसांनी काम होणार असतं तर तेव्हाच झालं असतं ना. मग हिवाळाभर कालवे खणून बघितले, यॅझू पास या पाण्याच्या वाटेतून बोटी घालून बघितल्या, सगळं फसलं.

शेवटी १६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेच्या पोर्टरचं आरमार थेट विक्सबर्गच्या तोफांखालून गेलं आणि एकच वाहतुकीची बोट गमावून पार झालं, तिकडे ग्रँटची फौज पलीकडच्या लुइझियानाच्या काठाने चिखल तुडवत खाली उतरली, आणि उत्तरेच्याच ग्रिअर्सनचे १७०० घोडेस्वार टेनेसीतून निघून मिसिसिपी राज्यभर रेल्वे उखडत बॅटन रूजपर्यंत गेले, त्यामुळे पेंबर्टनचं लक्ष भलतीकडेच राहिलं. ३० एप्रिलला ग्रँट ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडून आला. ही जागा, आणि तिथून पोर्ट गिब्सनला चांगला रस्ता जातो ही माहिती, एका कृष्णवर्णीय माणसाने दिली होती, ग्रँटने स्वतःच आपल्या आठवणींमधे तसं लिहिलंय.

पुढच्या १७ दिवसांत पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चॅम्पियन हिल, बिग ब्लॅक नदीचा पूल, अशा ५ लढाया झाल्या आणि पाचही त्याने जिंकल्या. नदी ओलांडली तेव्हा त्याच्याजवळ २० ते २५ हजार माणसं होती, पेंबर्टनच्या हाताखाली विक्सबर्ग आणि आसपासचे मिळून त्याहून जास्त होते, पण ते विखुरलेले. ग्रँटने त्यांना एकत्र येऊच दिलं नाही. विक्सबर्गवर सरळ न जाता आधी पूर्वेला जॅक्सन घेतलं, म्हणजे तिथून येणारी कुमक आणि रेल्वे दोन्ही तुटली, आणि मग मागे वळला. (त्याचे चाहते म्हणतात की त्याने रसद पूर्णच तोडून टाकली होती, तेही खरं नाही, ग्रँड गल्फवरून गाड्या येतच होत्या, खाणंपिणं मात्र बरंचसं वाटेतल्या शेतांमधून घेतलं.)

आता खाटीक. २९ मार्च ते ४ जुलै या सगळ्या मोहिमेत त्याचे मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून साधारण १० हजार. गेटिसबर्गला ३ दिवसांत एकट्या उत्तरेचे २३ हजार. त्याची चूक दाखवायचीच असेल तर २२ मेचा हल्ला दाखवा, त्याच्या हाताखालच्या मॅक्लर्नंडने आपण आत घुसल्याचा निरोप पाठवला त्यावर पुन्हा हल्ला केला, एका दिवसात ३ हजारांवर माणसं गेली आणि जखमी लोक दोन्ही फौजांच्या मधे उन्हात पडून राहिले. ते माझ्या मते अक्षम्य आहे. पण पोस्टवाल्याला ते माहीतच नाही असं दिसतंय, कारण तो म्हणतो ग्रँट नुसता बसून होता! १९ आणि २२ मेचे हल्ले फसल्यावर वेढा पडला, आणि वेढ्यातही २५ जूनला सुरुंग लावून बुरूज उडवला होता.

हजारो नागरिक मेले? १८६० च्या जनगणनेत गावची लोकसंख्याच साडेचार हजार. हाल प्रचंड झाले, लोक टेकड्यांमधे गुहा खणून राहिले, वाटाण्याच्या पिठाची भाकरी आणि खेचराचं मांस खाल्लं, तोफगोळे तर रोजचेच. ते हाल सांगायला खोटा आकडा कशाला लागतो?

पेंबर्टनची फितुरी हा मुद्दा आपल्याकडे लगेच पटतो कारण गड पडला की फितूर शोधायची सवयच आहे. माणूस फिलाडेल्फियाचा होता हे खरं, धाकटे दोन भाऊ उत्तरेकडून लढले हेही खरं. पण बायको व्हर्जिनियाची, आणि तो स्वतः अमेरिकन लष्करातली जुनी नोकरी सोडून दक्षिणेकडे आला. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस म्हणतोय विक्सबर्ग सोडू नको, वरिष्ठ सेनापती जॉन्स्टन म्हणतोय गाव सोड आणि मला येऊन मिळ, या दोघांत तो भरडला गेला. ४ जुलै त्याने निवडला कारण त्या दिवशी उत्तरवाले अटी सैल करतील असा त्याचा हिशोब होता, आणि २९ हजारांवर सैनिक तुरुंगात न जाता पॅरोलवर, म्हणजे कैद्यांची अदलाबदल होईपर्यंत न लढण्याचं वचन देऊन, सुटले. पुढे त्याने लेफ्टनंट जनरलपद सोडलं आणि तोफखान्यात लेफ्टनंट कर्नल म्हणून दक्षिणेसाठीच लढत राहिला. फितूर माणूस असं करतो का?

गेटिसबर्गला दक्षिणेचा सेनापती ली हरला पण फौज घेऊन परत गेला आणि एप्रिल १८६५ पर्यंत लढला. विक्सबर्गला अख्खी फौज १७२ तोफांसकट गेली, ९ जुलैला नदीवरचं दक्षिणेचं शेवटचं ठाणं पोर्ट हडसन पडलं, आणि टेक्सास, आर्कान्सा, लुइझियानाचा बराच भाग बाकीच्या दक्षिणेपासून तुटला, टेक्सासची गुरं येणं बंद. निकाल एकाच ठिकाणी लागला असं मी म्हणणार नाही, पण विक्सबर्गला किरकोळ म्हणणाऱ्याने एकदा नकाशा उघडावा.

राहता राहिली ८१ वर्षं. गोऱ्या लोकांपैकी पुष्कळांनी तो दिवस टाळला हे बरोबर. पण गावात कृष्णवर्णीयही होते, त्यांच्यासाठी ४ जुलै १८६३ गुलामीतून सुटकेचा दिवस होता. वेढा चालू असताना, ७ जूनला, पलीकडच्या काठावर मिलिकन्स बेंडला नुकतेच भरती झालेले कृष्णवर्णीय सैनिक टेक्सासच्या फौजेशी संगिनींनी लढले होते. युद्धानंतर हे लोक ४ जुलै साजरा करत होते, इतका उघडपणे की १८७५ च्या ४ जुलैला विक्सबर्गमधे त्यांच्या कार्यक्रमावर गोऱ्यांनी हल्ला केला. पोस्टमधलं ‘गाव’ म्हणजे फक्त गोरे लोक, आणि ते वाक्य तसंच पुढे पाठवणाऱ्यांनी निदान एवढं तरी दुरुस्त करावं.