२०३१ मध्ये पृथ्वीवर लघुग्रह आदळणार नाही: एक खुलासा

‘शंभर किलोमीटरहून मोठा लघुग्रह २०३१ मध्ये पृथ्वीवर आदळणार असून भीती पसरू नये म्हणून शास्त्रज्ञ त्याला धूमकेतू म्हणत आहेत’, असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ही वस्तू म्हणजे बर्नार्डिनेली-बर्नस्टीन धूमकेतू. चिलीतील दुर्बिणीने २०१४ पासून टिपलेल्या छायाचित्रांत तो सापडला आणि जून २०२१ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याभोवती धूळ-वायूचे आवरण दिसले नसल्याने त्याला लघुग्रहांच्या धर्तीवर तात्पुरते नाव मिळाले. गोंधळाचे मूळ बहुधा इथेच असावे. मात्र काही दिवसांतच दक्षिण आफ्रिकेतील दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रांत ताऱ्यासारख्या रेखीव ठिपक्याऐवजी कडा धूसर झालेला ठिपका दिसला. ती धूसरता म्हणजे केंद्रातून, म्हणजे धूमकेतूच्या घन गाभ्यातून, बाहेर पडणारी धूळ आणि वायू, आणि धूमकेतूची खूण हीच. तेव्हा तो सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे वीसपट अंतरावर होता आणि इतक्या दूर पाण्याचे बर्फ उडून जात नाही. तिथे कार्बन मोनॉक्साइडसारखे अधिक सहज उडणारे गोठलेले पदार्थ हे काम करतात.

हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याचे केंद्र सुमारे १२० किलोमीटर रुंद ठरले, म्हणजे आकाराबाबत संदेश खरा आहे. परंतु जानेवारी २०३१ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळ येईल तेव्हाही तो त्याच्यापासून सुमारे १६० कोटी किलोमीटरवर, शनीच्या कक्षेपलीकडेच असेल.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.