ती खोली किरायाने द्यायची नाही

आज सकाळी आमच्या लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकांनी विचारलं, "सांदवाडीत यंदाही ती झोपडी उभी राहणार का? त्यापेक्षा दोन मुलं ठेवा, किराया तरी येईल." खाली सात अंगठे. तेव्हापासून डोकं ठणकतंय.

झोपडी नाही हो ती. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, दहा बाय बारा फुटांची खोली आहे. बांबू, तट्टे, वर टिना. पाया नाही, सिमेंट नाही. दसऱ्यानंतर उभी करतो, होळीआधी उतरवतो, कारण पुढे टिनांखाली माणूस भाजून निघतो. मधल्या महिन्यांत कुणी कलाकार येतो, राहतो, आपलं काम करतो. जेवण आमच्या घरचं. आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतात याला. आम्ही खोलीच म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात वडशाकडचे एक काका तीन आठवडे राहिले. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचे पडदे रंगवण्यात आयुष्य गेलं त्यांचं. आता छापील फ्लेक्स स्वस्त पडतो, कामं येत नाहीत. पहिल्या दिवशी चपला बाहेर काढून आत शिरले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. म्हणाले, "बाई, कोनी मागितला नाही आन् पडदा रंगवाचा, असं पहिल्यांदा होऊन राह्यलं."

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा याच ग्रुपवर 'आपली झाडीपट्टी' म्हणून अभिनंदनाची रांग लागली होती! त्याच झाडीपट्टीचा माणूस भिंतीपलीकडे रंगासाठी सरस शिजवायला लागला की लगेच नाकाला रुमाल?

वास येतो, मान्य. रात्री दीडपर्यंतचा दिवा शेजारच्या खिडकीत जायचा, तिथे मी कनात लावायला हवी होती.

"हे काम सरकारचं," असंही कुणी लिहिलं. सरकारचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६पासून आपल्याच नागपुरात आहे, तिथल्या मेळ्यांना मी आवडीने जाते. पण मेळ्यात कलाकार दाखवायला बसतो. चुकायला, पुसायला, नुसतं बसून राहायला त्याने कुठे जायचं? काकांनी पहिले चार दिवस कापड अंथरून ठेवलं आणि जांभळाखाली बसून राहिले. पाचव्या दिवशी काठीला कुंचला बांधला. जन्मभर रंगवलेला राजवाडा नाही, जंगल नाही. तणशीवर, भाताच्या पेंढ्यावर, शाली पांघरून बसलेली माणसं, रात्रभर जागी, विंगेतून दिसतात तशी. शेजारची आठवीतली पोर शाळेतून थेट यायची, रंग घोटून द्यायची. तिने विचारलं, यात नाटक कुठे आहे? काका म्हणाले, "मी हेच पाहत आलो ना, बेटा."

मी आत जाऊन रडले त्या दिवशी.

ग्रुपवर भांडत नाही, इथेच सांगते. यंदाचे बांबू काल मागवलेत. कनातही सांगितली आहे. काकांचा फोन होता, तट्टे बांधायला दोन दिवस आधी येतो म्हणाले.