पेटत्या नाकाशेजारी

गेल्या शनिवारी एका माणसाने मला चारचौघांत गप्प केलं. त्याच्या पोटावर हरीण होतं आणि हरणाचं नाक पेटत होतं. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही सध्या आयोवात मुलीकडे आहोत. ती रसायनशास्त्रात पीएचडी करते आणि विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांत बसते. तिच्या 'हॉलिडे कॉन्सर्ट'साठी मी ऐन डिसेंबरात पुणे सोडलं, म्हणजेच सवाई गंधर्व महोत्सव सोडला, हे घरात रोज एकदा बोलून दाखवतो. (नाव हॉलिडे. नाताळ म्हणायचं नाही, सगळ्यांना सामावून घ्यायचं असतं. नऊ रचना, त्यातल्या आठ नाताळच्या, एक ज्यूंच्या हनुकाची. आमची दिवाळी म्हणे कॅन्टीनमध्ये समोसे वाटून उरकली होती.)

बाहेर उणे बारा आणि आत इडलीपात्र. गादीएवढा कोट मांडीवर घेऊन बसलो. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ. लाल स्वेटर, त्यावर विणलेलं हरीण, नाकाच्या जागी खराखुरा बल्ब. पेटतोय, विझतोय. आधी मला वाटलं, हृदयाचं काही यंत्र असेल. "बघू नका तिकडे," बायको म्हणाली. पण दिवे मंद झाले, ओबोने सूर दिला, आणि अंधारात दिसायला ते नाकच उरलं. समोर कुठलीही लय चालू असो, नाक आपल्याच विलंबित एकतालात.

मग चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर' या बॅलेमधला साखरपरीचा नाच आला. सेलेस्टा म्हणजे दिसायला छोटं कपाट, पट्ट्या पेटीसारख्या आणि आवाज काचेच्या ग्लासवर चमचा वाजवल्यासारखा. वर तिची टिणटिण चाललेली असताना खालून बास क्लॅरिनेट हळूच एक जागा घेतं. मांजर जिन्यावरून उतरावं तसे सूर घरंगळत येतात. वाजवणारी पोरगी असेल विशीची. ती उतरण इतकी नेमकी आली की माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. मोठ्याने नाही हो. सवाईत शेजाऱ्यालाही ऐकू गेलं नसतं.

"शूऽऽऽ!"

आपल्याकडे 'शू' म्हटलं की लहान मुलाला उचलून मोरीकडे धावतात. मी बासष्ट वर्षांचा, बँकेतून निवृत्त, भीमसेनांना पहाटे समोर बसून दाद दिलेला माणूस. आणि मला कोण गप्प करतंय, तर ज्याच्या पोटात दिवा लागतो तो!

मध्यंतरात गृहस्थ माझ्याकडे वळले. अगदी मायेने.

"पहिल्यांदाच आलात?"

"ऑर्केस्ट्राला, हो. मैफलीला नाही."

"मधे आवाज करायचा नसतो. कंडक्टर वळेपर्यंत थांबायचं. मी खूण करीन तुम्हाला." खूण म्हणजे कोपराने ढोसणं, तेही करून दाखवलं.

"आमच्याकडे आवडलं की तिथल्या तिथे सांगतात."

"गाणं चालू असताना? गाणाऱ्याचं लक्ष उडत नाही?"

"दाद दिली नाही तर उडतं."

ते विचारात पडले. नाक चारदा पेटलं.

"मग लोक खोकतातही?"

"खोकतात, बटाटेवडे खातात, शाल पांघरून घोरतात."

"घोरतात," ते पुटपुटले. हा शब्द घरी जाऊन कुणाला तरी सांगायचाय, असा चेहरा.

बरं, माणूस जाणकार होता, हाच खरा त्रास. शेजारचा अडाणी असला की रागवायला मोकळं वाटतं. त्यांनीच सांगितलं, १८९१ साली चायकोव्हस्कीने हे सेलेस्टा पॅरिसमध्ये पाहिलं आणि प्रकाशकाला कळवलं की मागव, पण कुणाला दाखवू नकोस. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह हे दुसरे संगीतकार आधी वापरून टाकतील. म्हणजे चीज लपवणारे खाँसाहेब तिकडेही होते तर. मला हसू आलं, ते मी दाबलं. त्यांच्यासमोर हसायचं नाही असं ठरवलं होतं.

उत्तरार्धात 'स्ले राइड', म्हणजे घोड्याच्या बर्फगाडीतली सफर. चाबकासाठी लाकडाच्या दोन फळ्या फाडकन आपटतात, शेवटी ट्रम्पेट घोड्यासारखं खिंकाळतं. सगळं सभागृह खदखदलं. आमचे गृहस्थ संगीत संपायच्या आत चक्क पाय आपटत होते. त्यांना कोण शू करणार? घोडा खिंकाळला तर संस्कृती, मी 'वा' म्हटलं तर गलका.

रात्री दोन वाजता, जेट लॅग अधिक अपमान, मी मोबाइलवर शोधत बसलो. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिंफनीत लोकांनी पहिल्या भागाच्या मधेच टाळ्यांचा कडकडाट केला. तो चिडला नाही. वडिलांना कौतुकाने पत्र लिहिलं. ती जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. कार्यक्रमानंतर जाऊन त्याने मोठं आइस्क्रीमही खाल्लं. हे मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "झोपा."

काल मुलीने कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग लावलं. साखरपरी आली, बास क्लॅरिनेट उतरलं, आणि ती एकदम वळली. "बाबा, हा तू?"

हो, मी. पण त्यांचं 'शू' माझ्या 'वा'च्या दुप्पट मोठं आलंय. मी तिला तीनदा लावायला लावलं.