इन्व्हर्टरच्या बॅटरीवर रात्रभर हीटर? आधी हिशेब करून बघा

डिसेंबर लागला की तो मेसेज नाशिकभर पुन्हा फिरायला लागतो. जुना ट्रेलर घ्या, टपावर दोन सोलर पॅनल टाका, थंडीत ती आणखी चांगली चालतात, आत घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणि रूम हीटर बसवा, की वीजजोडणीशिवाय लडाखच्या थंडीतही आरामात राहता येतं. चार्ज संपला तर गॅसची शेगडी आहेच, फक्त खिडक्यांच्या फटी नीट बुजवा. खाली पुरावा म्हणून एक ओळ: ‘निफाडच्या थंडीत राहून बघितलंय.’

मी नाशिकच्या अंबडला गाड्यांच्या आतलं वायरिंग करतो. गेल्या महिन्यात तिघं जण हाच मेसेज दाखवून ‘दादा, असंच करून द्या’ म्हणाले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हीटर. घरची बॅटरी साधारण १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची, म्हणजे पूर्ण भरली तर १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. हजार वॅटचा हीटर तेवढी वीज तासाच्या आतच संपवतो. आठ तासांच्या रात्रीला लागतात ८ युनिट. ३३० वॅटची दोन पॅनल हिवाळ्यात नाशिकला दिवसाला दोन-सव्वादोन युनिट देतात. हे गणित कुठल्याही कंपनीची बॅटरी आणली तरी जुळत नाही.

थंडीत पॅनल चांगलं चालतं, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर लिहिलंय. पॅनल गार असलं की वीज थोडी जास्तच मिळते. पण नाशिक २० अक्षांशावर आहे आणि लेह ३४ वर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य आपल्याकडे ४६-४७ अंशांवर असतो, तिथे जेमतेम ३२-३३ अंशांवर. टपावर आडव्या टाकलेल्या पॅनलवर तिथलं ऊन तिरकं पडतं, वर बर्फ साचला तर तेही नाही.

शेगडीच्या मुद्द्यावर मात्र मला राहवत नाही, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा ट्रेलर तपासायला निफाडजवळ द्राक्षबागेच्या कडेला मुक्काम केला. खिडक्या बंद, बर्नर बारीक. पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या माणसांच्या आवाजाने जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं, उशी ओली होती. टॉर्चच्या उजेडात वर पाहिलं तर पत्र्यातून आत आलेल्या प्रत्येक स्क्रूच्या टोकावर एकेक थेंब लोंबत होता. एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं आणि गार लोखंडावर बसतं. ओली उशी वाळते हो. पण बंद जागेत प्राणवायू कमी पडला की तीच शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडायला लागते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागं व्हायची संधी मिळेलच असं नाही. मी वेळेत उठलो. फटी बुजवा असं लिहिणाऱ्याने हा विचार केलेला नाही. कोळशाची शेगडी तर आणखी वाईट.

शिवाय लेहच्या थंडीत ती शेगडी नीट पेटणारही नाही. घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन बरंच असतं आणि शून्याच्या आसपास त्याची वाफ होणंच थांबतं.

निफाडचा पुरावा म्हणाल तर तिथे पारा ५-६ अंशांवर येतो तो पहाटेपुरता, दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. लेहला जानेवारीत रात्री उणे दहाच्या खाली जातात. नळी गोठणं, टाकी फुटणं हे निफाडला कळणारच नाही.

मग करायचं काय? पैसा आधी ऊब धरून ठेवण्यावर घाला. पत्र्याला आतून नायट्रिल फोम, जमिनीखालीही फोम, खिडक्यांच्या मापाचे कापलेले तुकडे, पाण्याची टाकी बाहेर न लटकवता पलंगाखाली. उष्णतेसाठी डिझेल हीटर, ज्याची हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो. पेटताना तो दोन-तीन मिनिटं जास्त वीज ओढतो, नंतर १० ते ४० वॅटवर चालतो. एवढं बॅटरीला झेपतं. मात्र आपल्याकडून भरून नेलेलं डिझेल तिथे मेण धरतं, म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. लिथियम बॅटरी घेतलीत तर ती उबेच्या बाजूला ठेवा, शून्याखाली चार्ज केली की ती कायमची बिघडते.

त्या तिघांपैकी एकाचा ट्रेलर सध्या माझ्या शेडमध्ये आहे. रूम हीटरचे पैसे फोममध्ये गेलेत. दोन झरोके ठेवलेत, एक खाली, एक वर, आणि त्यांना झाकण मुद्दाम दिलेलं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर काल बसवला.