नवा कोरा भंगार

जुन्या गाडीच्या नव्या स्पेअर पार्टच्या खोक्यावर ‘ओरिजिनल स्पेसिफिकेशन’ असं ज्याने छापलं ना, त्या माणसाला एकदा मला भेटवा. भर पावसात, इथल्या इंग्लंडातल्या ए-34 हायवेच्या कडेला, बॉनेट उघडं टाकून तासभर उभा करतो त्याला. मग विचारतो, काय रे बाबा, यातलं ओरिजिनल कुठलं?

माझ्याकडे 1972 ची एमजीबी आहे. (पुण्यातले नातेवाईक लगेच, ‘अरे वा, आमच्या सोसायटीत पण दोघांकडे एमजी आहे, सनरूफवाली!’ ती नव्हे हो. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनला 1962 ते 1980 बनायची ती. दोन सीट, छत कापडाचं.) कॉव्हेंट्रीत घर झालं, गॅरेज झालं आणि मग ही अवदसा आठवली. गंजलेले सिल, म्हणजे दरवाजाखालचे पत्र्याचे पट्टे, कापून नवे वेल्ड करायला शिकलो. या गाडीला वेगळी चॅसी नाही, भार सगळा त्या सिलवर. कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार मारला नाही तर बॉडी मधून बसते आणि दरवाजा जन्मात लागत नाही. हे हात भाजून शिकलो, तक्रार नाही. इंची पान्यांबद्दलही नाही. अर्धा इंची नटाला आपला 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाची गोटी होते. तो माझा गाढवपणा, मान्य.

पण स्पेअर पार्ट?

या हिवाळ्यात म्हटलं, आता गाडी लांब न्यायची तर डिस्ट्रिब्युटरमधलं, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्यातलं, सगळं नवं टाकू. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप. अख्खा सेट आला, खोक्यावर झोकात ब्रिटिश झेंडा. जुनं सगळं व्यवस्थित चालू होतं हो! तरी काढलं. जुना रोटर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकला, जुना कंडेन्सर कचऱ्यात. पॉइंटचा गॅप 15 ‘थाऊ’ धरला, म्हणजे एक इंचाचे हजार भाग केले तर त्यातले 15. फीलर गेज घालून, चष्मा लावून, देवपूजा करावी तसा.

आणि निघालो ॲबिंग्डनला. म्हटलं, गाडीला तिचं माहेर दाखवू.

बॅनबरी ओलांडलं आणि गाडीने दोन आचके देऊन प्राण सोडले. मला वाटलं पेट्रोल. दोन्ही कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर उघडले, जेट बघितले, हाताला पेट्रोलचा वास, शर्टाचं पोतेरं. सगळं जोडून चावी फिरवली तर पहिल्या फटक्यात सुरू! काय ती ऐट माझी. बायकोला फोन करून सांगितलं, ‘कचरा होता, काढला.’ कचरा-बिचरा काही नव्हता. मी तिकडे खुडबुड करत होतो तेवढ्या वेळात इंजिन गार झालं होतं, एवढंच. ए-34 वर पुन्हा तेच, ॲबिंग्डन सहा मैलांवर असताना. टोचन लावून घरी.

कंडेन्सर. करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी. ती गेली की पॉइंटवर ठिणग्या उडतात आणि प्लगपर्यंत जायचा करंट ढिला पडतो. हल्लीचे तापले की मरतात आणि गार झाले की सुतासारखे सरळ! म्हणजे घरी तपासा, सगळं झकास. बाबांनी चेतक अठरा वर्षं चालवली. तिरकी केली, पॉइंट घासले, प्लग घासला. कंडेन्सर बदललेला मला एकदाही आठवत नाही.

बरं, दुसरा नवा टाकला. पंधरा दिवसांत रोटर, म्हणजे शाफ्टवर फिरत करंट वाटणारा तुकडा, गेला! त्याच्या पितळी पट्टीला खालून रिव्हेट ठोकलेला असतो. त्या रिव्हेटच्या आणि शाफ्टच्या मध्ये प्लास्टिकचा इतका पातळ पापुद्रा की कॉइलचे हजारो व्होल्ट त्यातून भोक पाडून सरळ शाफ्टमध्ये. प्लगला ठणठण गोपाळ. बाहेरून बघा, एक ओरखडा नाही. सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका, तोही रोटर उलटा करून टॉर्च मारल्यावर दिसला.

आणि विनोद कुणावर, तर लुकासवर! या गाड्यांची इलेक्ट्रिकल्स लुकासची, म्हणून त्या कंपनीला ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’, अंधाराचा राजपुत्र, म्हणायची इथे जुनी पद्धत आहे, प्रत्येक म्हातारा एकदा तरी ऐकवतोच. अहो, त्या लुकासचा पन्नास वर्षं जुना रोटर श्रीखंडाच्या डब्यात धडधाकट पडला होता. तोच परत बसवलाय. गाडी चालतेय.

ते म्हातारे हा आणखी एक वैताग. गाडी बंद पडली की गोळा होतात. ए-34 वर तिघे थांबले. एकाच्या काकांकडे अशीच होती, लाल. दुसऱ्याने हिच्यातूनच लग्नानंतर बायकोला वेल्सला नेलं होतं. तिसऱ्याने विकली त्याचा पश्चात्ताप होतोय. माझ्या नाकावरून पाणी ओघळतंय आणि हे प्रेमाने बॉनेटवर हात फिरवतायत. कंडेन्सर एकाकडेही नाही.

दुकानदाराला फोन केला. अगदी गोड बोलला, ‘दुसरा फुकट पाठवतो, सर.’ मी म्हटलं, मला फुकट नको, मला चालणारा पाहिजे, चौपट पैसे घे. तर म्हणे, ‘सगळ्यांना हाच देतो.’ याला काय उत्तर द्यायचं?

जुना कंडेन्सर मात्र कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेला. माझ्याच हाताने. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन नवे स्पेअर घेऊन फिरतोय. दोन्ही त्याच लॉटचे.