पोतं ज्वारीचं, खर्च बाईचा

‘लाडकी बहीण’च्या 1500 रुपयांवरचा वाद 2024 पासून काही मिटत नाही. एक बाजू म्हणते, रोख म्हणजे रेवडी. त्यापेक्षा धान्य द्या, निदान पोराबाळांच्या पोटात जाईल. दुसरी म्हणते, खात्यात पैसे आले की घरात बाईच्या शब्दाला वजन येतं. लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्या युद्धात सापडलेल्या सुदानमध्ये बसून हे वाचताना एक गोष्ट खटकते: धान्य हातात पडल्यापासून ताटात येईपर्यंत बाईला काय मोजावं लागतं, हे दोन्हीकडचं कुणी विचारत नाही.

इथलंही मुख्य धान्य ज्वारीच. माणशी रोज 400 ग्रॅम धरा, पाच जणांच्या घराला महिन्याला 60 किलो. मदतीत ती बहुधा अख्खी येते, कारण पीठ उन्हाळ्यात टिकत नाही, दाणा टिकतो. म्हणजे पहिला खर्च गिरणीचा. डिझेल महागलं की दळणही महागतं, आणि हातात पैसा नसेल तर ज्वारीतलाच वाटा गिरणीवर ठेवावा लागतो. मग ‘बायका मदतीचं धान्य बाजारात विकतात’ अशी ओरड होते. विकणारच, दळायचं कशाने?

दुसरा खर्च सरपणाचा, आणि तो पैशात मोजता येत नाही. पश्चिम सुदानातल्या दारफुरमध्ये 2004 च्या आसपासपासून नोंदलं गेलंय की छावणीबाहेर लाकडं आणायला गेलेल्या बायकांवर बलात्कार होतात. तरी बायकाच जातात, कारण पुरुष गेला तर त्याला जिवंत सोडत नाहीत. हा हिशेब घराघरात डोळसपणे केलेला असतो. म्हणून स्वयंपाकही बदलतो. किसरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी, एकेक करून तापल्या तव्यावर काढायची तर जाळ सतत लागतो. असीदा, म्हणजे घट्ट उकड, एका भांड्यात होते. फूल नावाच्या वालासारख्या दाण्यांना तासन्‌तास शिजवावं लागतं, मसूर लवकर शिजते. मदतीच्या यादीत सुकं कडधान्य लिहिणाऱ्याने चुलीचा विचार केलेला नसतो.

याला तोड काढली ती मोहल्ल्यांनीच. ‘तकाया’ म्हणजे सामूहिक स्वयंपाकघरं: एक मोठं भांडं, एक जाळ, घराघराची पातेली रांगेत. ती चालवणाऱ्या ‘आपत्कालीन कक्षांच्या’, म्हणजे मोहल्ल्यातल्या मदतगटांच्या, स्वयंसेवकांना बाहेरून पैसे येतात ते बहुतेक ‘बनकक’ या बँकेच्या अॅपवर, कारण जिथे ट्रक अडतो तिथे मोबाइलवरचा आकडा पोचतो. रोखीच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम पुरावा. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने मदत गोठवली आणि हजारावर स्वयंपाकघरं बंद पडली, हेही त्याच पुराव्याचं दुसरं टोक.

पण रोखीलाही पाय लागतात. नेटवर्क नसेल तर अॅप मुकं. खातं भावाच्या किंवा दिराच्या नावावर असेल तर पैसा आधी त्याचा. अॅपवरच्या पैशाची नोट करून देणारा दलाल कमिशन कापतो. लष्कराच्या बाजूच्या सरकारने 2024 च्या अखेरीस नोटा बदलल्या, त्या आरएसएफच्या ताब्यातल्या भागात चालत नाहीत; एकाच देशात बाईच्या पदरची नोट रस्ता ओलांडला की कागद. आणि वेढ्यात तर पैसाच फोल. उत्तर दारफुरची राजधानी अल फाशेर आरएसएफने वेढली तेव्हा तिथे लोक शेंगदाण्याची पेंड, जनावरांचा ‘अंबाज’, खाऊन राहिले, कारण बाजारात दुसरं काही नव्हतं.

राहिला कागद. महाराष्ट्रात 2025 मध्ये ई-केवायसी आली तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला, आणि विधवा, परित्यक्ता बायकांचं काय, हा प्रश्न नंतर उठला. बोगस नावं काढायला हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण पुरुषाच्या कागदावर बाईचा हक्क टांगायची ही सवय कुठवर जाते ते इथे दिसतं. बलात्कार झालेल्या बाईकडे पोलिसांचा ‘फॉर्म 8’, म्हणजे वैद्यकीय तपासणीच्या नोंदीचा कागद, मागायची इथली जुनी रीत. तो नसला तरी उपचार करा, असं सरकारने सांगून वर्षं झाली. तरी दवाखान्याच्या दारात तो मागणारे भेटतातच. घड्याळ मात्र थांबत नाही. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी 120 तासांच्या आत. ऑक्टोबर 2025 मध्ये अल फाशेर आरएसएफच्या हाती पडल्यावर बायका ताविला या विस्थापितांच्या आसऱ्याच्या गावाकडे निघाल्या. अंतर साधारण 60 किलोमीटर, पण नाक्यानाक्यावर अडवणूक, दिवसा लपायचं, रात्री चालायचं. कित्येकींचे पहिले 72 तास वाटेतच गेले. पुढची मुदत कायद्यातली: बलात्कारातून राहिलेला गर्भ 90 दिवसांच्या आत पाडता येतो. ताविलात पोचलेल्या बाईला त्यासाठी कागद देणारं पोलीस ठाणं कुठलं, हे कायद्यात लिहिलेलं नाही.